हप्ता बसतो, पण गाडी परवडते का?



विद्यार्थ्याने शिकत असतानाच स्वतःची चारचाकी घ्यावी की नाही, हा प्रश्न पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या घरांमध्ये कोणी विचारलाच नसता. त्या काळी नोकरी स्थिरावली, घराचे कर्ज निम्म्यावर आले, की मग गाडीचा विषय निघे. आता परिस्थिती पालटली आहे. जुन्या गाड्यांचा बाजार तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. दोन-सव्वादोन लाखांत चालती गाडी मिळते आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज देणारेही दारात उभे असतात. त्यामुळे हा प्रश्न हल्ली पदवी हाती येण्यापूर्वीच घरात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे तर हिशेबाने द्यावे लागते.

याच विषयावरचे एक पत्र या वेळी माझ्यासमोर आहे. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात जऊळका हे गाव आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे स्थानक असल्यामुळे लोक त्याला 'जऊळका रेल्वे' या नावानेच ओळखतात. पत्रलेखक तेथील असून वाशीमला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याचे नाव येथे देत नाही. हिशेब मात्र सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून त्याच्या अनुमतीने मांडतो.

वडिलांचे किराणा दुकान आणि चार एकर शेती. विद्यार्थी संध्याकाळी गावातील मुलांच्या शिकवण्या घेतो आणि त्यातून महिन्याला ६,५०० रुपये मिळवतो. २०१६ साली नोंदणी झालेली, एक हजार सीसीच्या आतील एक पेट्रोल गाडी २,१०,००० रुपयांना मिळत आहे. वडिलांनी त्याच्या पुढील दोन वर्षांच्या फीसाठी १,२०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यांतून ६०,००० रुपये आता द्यावेत आणि १,५०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी घ्यावे, असा विचार आहे. व्याज १२ टक्के. हप्ता ४,९८२ रुपये. कारणेही पोकळ नाहीत. प्रात्यक्षिके लांबली की परतीची एस. टी. चुकते. आजीला महिन्यातून दोनदा अकोल्याला तपासणीसाठी न्यावे लागते. मुलाने महामार्गावर दुचाकी चालवावी, हे आईला मान्य नाही. पत्राच्या शेवटी तो लिहितो, 'माझी कमाई साडेसहा हजार आणि हप्ता पाच हजारांच्या आत. दीड हजार उरतात, त्यांत पेट्रोल भागवीन. मग गाडी परवडते असे म्हणायला काय हरकत आहे?'

हरकत आहे. ती कोणती, हे क्रमाने पाहू.

बँक काय तपासते

हप्ता भरण्याची ऐपत आणि गाडी बाळगण्याची ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज देणारी संस्था पहिली तपासते. दुसरी तपासणे हे तिचे काम नव्हे. सर्व कर्जांचे हप्ते मिळून निव्वळ उत्पन्नाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आत आहेत ना, पूर्वीची परतफेड वेळेवर झाली आहे ना आणि गाडीवर बोजा नोंदवता येतो ना, एवढे पाहून कर्ज मंजूर होते. गाडी महिन्याला किती किलोमीटर धावणार, तिचे टायर कोण बदलणार आणि मेमध्ये शिकवण्या बंद असताना पैसे कुठून येणार, हे कोणताही अर्ज विचारत नाही. म्हणून 'बँकेने मंजूर केले म्हणजे परवडत असणारच' हा समज प्रथम मनातून काढावा.

शिवाय प्रस्तुत प्रकरणात कर्ज विद्यार्थ्याला मिळणारच नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर करार करण्यास तो कायद्याने पात्र असला, तरी शिकवण्यांच्या उत्पन्नाचा लेखी पुरावा नसतो. कर्ज वडिलांच्या नावे, त्यांच्या विवरणपत्रांवर निघेल आणि हप्ता चुकला तर डाग वडिलांच्या पतनोंदीवर पडेल. म्हणजे 'माझा हप्ता मी भरीन' हे वाक्य घरापुरते खरे. कागदावर कर्जदार वडीलच.

महिन्याचा पूर्ण हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. हिशेबासाठी घर ते महाविद्यालय हे अंतर एका बाजूने ३० किलोमीटर, महाविद्यालयाचे दिवस महिन्याला २२, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि जुन्या गाडीची धाव लिटरला १५ किलोमीटर धरली आहे. वाचकांनी आपल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत; रीत बदलत नाही.

हप्ता : सुमारे ४,९८० रुपये.
पेट्रोल : १,३२० किलोमीटरला ८८ लिटर, म्हणजे ९,२४० रुपये.
विमा : वर्षाला सुमारे ७,००० रुपये धरल्यास महिन्याला ५८० रुपये.
सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती : १,५०० रुपये.
पीयूसी, पार्किंग, धुलाई, पंक्चर इत्यादी : ३०० रुपये.
एकूण : १६,६०० रुपये.

कमाई ६,५०० रुपये. म्हणजे दरमहा १०,१०० रुपयांची तूट. ही तूट दुकानाच्या गल्ल्यातून भरली जाईल, आणि गल्ल्यातून गेलेला पैसा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, हेच तिचे भय.

हप्त्यानंतर उरणाऱ्या दीड हजारांत पेट्रोल भागवण्याचा विचार पत्रात आहे. दीड हजारांत साडेचौदा लिटरच्या आत पेट्रोल येते. त्यावर गाडी फार तर २१५ किलोमीटर चालेल. रोजचे जाणे-येणे ६० किलोमीटर. तेव्हा महिन्याच्या चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर टाकी रिकामी होईल आणि अठरा दिवस शिल्लक राहतील.

कोणी म्हणेल की हप्त्यातला काही भाग मुद्दलाचा असतो, तीन वर्षांनी गाडी विकून काही रक्कम परत येईल; मग सर्व हप्ता खर्चात धरणे योग्य का? लेखाशास्त्राच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे. गाडी तीन वर्षांनी एक लाखाला विकली गेली, तर किमतीतील घट १,१०,००० रुपये आणि व्याज सुमारे २९,४०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ३,९०० रुपये हा खरा भांडवली खर्च ठरतो. पण विद्यार्थ्याला महिन्याच्या पाच तारखेला खरा खर्च भरायचा नसतो, रोकड भरायची असते. तीन वर्षांनी येणाऱ्या एक लाखाने आजचे पेट्रोल मिळत नाही.

गाडी फुकट मिळाली तर

परवडण्याची पहिली कसोटी मी अशी सांगेन : समजा ही गाडी मामांनी भेट दिली. किंमत नाही, कर्ज नाही, हप्ता नाही. तरी ती चालवता येईल का? वरील हिशेबातून हप्ता वजा केला तर ११,६२० रुपये उरतात आणि कमाई आहे ६,५०० रुपये. म्हणजे फुकट मिळालेली गाडीही या विद्यार्थ्याला रोज वाशीमला नेता येणार नाही. येथे प्रश्न किंमत कमी करून घेण्याचा किंवा व्याज अर्धा टक्का घटवण्याचा राहतच नाही. अडचण रोजच्या साठ किलोमीटरमध्ये आहे.

यावर तरुणांकडून एक उपाय सुचवला जातो. तीन सोबती घ्यायचे, प्रत्येकाकडून महिन्याला दोन हजार रुपये घ्यायचे, पेट्रोल सुटते. मित्रांनी कधीतरी मिळून पेट्रोल भरणे निराळे आणि ठरावीक मासिक भाडे घेऊन रोज प्रवासी नेणे निराळे. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेण्यास मोटार वाहन कायदा परवान्याशिवाय मुभा देत नाही आणि खासगी वाहनाची विमा पॉलिसीही भाड्याने केलेला वापर वगळते. दुर्दैवाने अपघात घडला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईचा भार मालकावर, म्हणजे वडिलांवर, येऊ शकतो. सहा हजारांसाठी हा धोका घेऊ नये. शिवाय सहा हजार मिळूनही हप्त्यासह तूट ४,१०० रुपयांची राहतेच.

दुसरी कसोटी मे महिन्याची. शिकवण्या एप्रिलअखेर थांबतात आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू होतात. वडिलांचे शेतीचे उत्पन्नही बारमाही नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, तुरीचा संक्रांतीनंतर. हप्ता मात्र बाराही महिने येतो. ज्या महिन्यात घरात सर्वांत कमी पैसा येतो, त्या महिन्यात हप्ता कुठून भरणार, हे लिहून काढता आले नाही तर कर्जाच्या अर्जावर सही करू नये.

आजीची अकोल्याची फेरी

पत्रातील सर्वांत वजनदार कारण आजीच्या तपासणीचे आहे. वृद्ध माणसाला एस. टी.त चढवणे-उतरवणे काय असते, हे ज्यांनी केले त्यांनाच कळते. या गरजेची थट्टा होता कामा नये. परंतु तिचा हिशेब महाविद्यालयाच्या हिशेबात मिसळू नये, स्वतंत्र मांडावा.

समजा अकोल्याला जाऊन येण्यासाठी भाड्याच्या गाडीला प्रतीक्षेसह २,५०० रुपये पडतात. महिन्याला दोन फेऱ्यांचे ५,००० रुपये. आता केवळ याच कामासाठी स्वतःची गाडी ठेवली तर हप्ता ४,९८०, विमा ५८० आणि कमी वापर धरून देखभाल ७०० असे ६,२६० रुपये गाडी दारात उभी असतानाच लागतात. एका फेरीचे १३० किलोमीटर धरले तर पेट्रोल ९१० रुपयांचे. दोन फेऱ्यांचे १,८२० रुपये. एकूण ८,०८० रुपये. भाड्याची गाडी दरमहा तीन हजारांनी स्वस्त पडते. महिन्याला चार फेऱ्या होऊ लागल्या तर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीला येतात; त्यापुढे स्वतःची गाडी स्वस्त.

म्हणजे आजीसाठी गाडी हवी, हे खरे; ती विकतच हवी, हे सिद्ध होत नाही. गावातील एखाद्या विश्वासू चालकाशी महिन्याच्या दोन ठरलेल्या तारखा बांधून घेतल्या, तर दरही बरा मिळतो आणि आजीला उतरवून घेणारे ओळखीचे माणूस मिळते. शिरपूरला दर्शनासाठी जायचे असेल तेव्हाही तीच गाडी बोलावता येते.

'त्यापेक्षा नवीच घ्या'

नातेवाइकांचा एक ठरलेला सल्ला असतो : जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा नवी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. त्यामुळे काही छोट्या गाड्यांची शोरूममधील किंमत चार लाखांच्या आत आली, हे खरे. उदाहरणादाखल ३,७०,००० रुपयांची पेट्रोल गाडी घेऊ. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर लागतो. तो झाला ४०,७०० रुपये. विमा आणि इतर खर्च धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत साधारण साडेचार लाखांकडे जाते. ३,६०,००० रुपयांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता ५,८८४ रुपये.

येथेच सापळा आहे. जुन्या गाडीचा हप्ता ४,९८२ आणि नव्या गाडीचा ५,८८४. 'नऊशे रुपयांत नवी गाडी' असे वाटू लागते. पण पहिला हप्ता ३६ महिन्यांचा आहे आणि दुसरा ८४ महिन्यांचा. नव्या गाडीवर १,३४,००० रुपयांहून अधिक व्याज जाईल, म्हणजे विद्यार्थ्याच्या दोन्ही वर्षांच्या फीपेक्षा जास्त. आज विशीत असलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षापर्यंत हप्ते भरत राहील. मुदत लांबवली की हप्ता लहान दिसतो, खर्च लहान होत नाही.

दर विचारताना

कर्जाचा दर विचारताना 'बारा टक्के' एवढे उत्तर पुरेसे मानू नये. घटत्या शिलकीवर की सरळ, म्हणजे फ्लॅट, हे विचारावे. दीड लाखावर तीन वर्षांसाठी घटत्या शिलकीने १२ टक्के व्याज २९,४०० रुपयांच्या आत येते. फ्लॅट १२ टक्के म्हटले तर ते ५४,००० रुपये होते आणि हप्ता ५,६६७ रुपयांवर जातो. खऱ्या अर्थाने तो दर २१ टक्क्यांच्या घरात असतो. आकडा एकच, अर्थ दोन.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका व वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जदारास 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे बंधनकारक केले आहे. प्रक्रिया शुल्क आणि इतर आकारणी धरून वार्षिक दर प्रत्यक्षात किती पडतो, हे त्या पत्रकात लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते मागून घरी आणावे आणि वाचावे. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम त्यांना लागू नाही. तेथे हीच माहिती आपण होऊन लेखी मागावी. देण्यास टाळाटाळ झाली तर तेथून उठावे.

फीच्या पैशाला हात लावू नये

या पत्रातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हप्ता नव्हे, ते ६०,००० रुपये आहेत. वडिलांनी एक लाख वीस हजार कसे जमवले असतील, याची कल्पना किराणा दुकान पाहिलेल्या कोणालाही येईल. त्यातले निम्मे गाडीत गेले तर शेवटच्या वर्षाची फी उरत नाही. 'तेव्हाचे तेव्हा पाहू, शैक्षणिक कर्ज काढू' असा विचार मनात असेल, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शिक्षणासाठी साठवलेल्या पैशाने गाडी घ्यायची आणि मग शिक्षणासाठी कर्ज काढायचे, म्हणजे एका गाडीपायी घरावर दोन कर्जे चढवणे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, गाडीचा हप्ता पुढच्याच महिन्यात. आणि शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. त्यांच्या नावे गाडीचा हप्ता चालू दिसला की त्यांची कर्जक्षमता तेवढी कमी धरली जाते.

उलट फीचा भार हलका करण्याचे मार्ग शोधावेत. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. तसेच अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोहोंचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. उत्पन्नाच्या अटी आणि मुदती महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्याव्यात. पात्र असूनही अर्जच न केलेली कितीतरी घरे मी पाहिली आहेत.

मग वाशीमला जायचे कसे?

'गाडी घेऊ नका' एवढे सांगून सल्ला पूर्ण होत नाही. प्रवासाची अडचण तशीच राहते. तीन मार्ग दिसतात.

पहिला एस. टी.चा. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. ३० किलोमीटरचे पाच टप्पे, म्हणजे एका फेरीला सुमारे ५० रुपये. विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत मिळते. त्या हिशेबाने महिन्याचा पास हजार रुपयांच्या आसपास पडतो. ९,२४० रुपयांच्या पेट्रोलसमोर हा आकडा ठेवून पाहावा. २००८ मध्ये लोहमार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून रेल्वेचाही पर्याय आहे. वेळ जुळत असेल त्या दिवशी तो वापरावा. प्रात्यक्षिके लांबून एस. टी. चुकते, ते आठवड्यातून किती वेळा, हे महिनाभर वहीत टिपावे. महिन्यात चार वेळा चुकत असेल आणि प्रत्येक वेळी दीडशे रुपये देऊन खासगी वाहनाने यावे लागले, तरी तो खर्च सहाशे रुपये होतो.

दुसरा मार्ग दुचाकीचा. लिटरला ४५ किलोमीटर धरल्यास महिन्याचे पेट्रोल ३,०८० रुपये. हा खर्च शिकवण्यांच्या कमाईत बसतो. पण आईची भीती रास्त आहे. अवजड वाहनांच्या रस्त्यावर, पावसाळ्यात, अंधारात रोज साठ किलोमीटर दुचाकी चालवणे ही जोखीम पैशात मोजता येत नाही. म्हणून दुचाकी गावातल्या कामापुरती आणि थांब्यापर्यंत असावी. महामार्गावरचा प्रवास एस. टी.ने व्हावा.

तिसरा मार्ग वाशीमला खोली घेऊन राहण्याचा. दोघांत खोली आणि मेस मिळून पाच-सहा हजार रुपये धरले, तरी गाडीच्या तुलनेत तो निम्म्याहून स्वस्त आहे आणि रोजचे दोन तास वाचतात. मात्र येथे एक वजाबाकी विसरू नये. खोली घेतली की जऊळक्यातील शिकवण्या सुटतात आणि ६,५०० रुपयांची कमाई थांबते. म्हणून पूर्ण वर्ष खोली न घेता परीक्षेपूर्वीचे दोन महिने मित्राच्या खोलीत वाटेकरी होणे, हा मध्यम मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. शिकवणीच्या मुलांनाही ते आधी सांगून ठेवता येते.

घेण्याची वेळ येईल तेव्हा

हे सर्व 'कधीच नाही' या अर्थाने लिहिलेले नाही. नोकरी लागेल, उत्पन्न नियमित होईल, आजीच्या फेऱ्या वाढतील. तेव्हा गाडीचा विचार अवश्य करावा. त्यासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्यात.

गाडी घेण्यापूर्वी तीन महिने गाडीचा संपूर्ण मासिक खर्च, केवळ हप्ता नव्हे, दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाकून पाहावा. तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यातला रुपयाही काढावा लागला नाही, तर गाडी परवडते असे समजावे. जमले नाही तर नुकसान काहीच नाही. साठलेली रक्कम हातातच आहे. याशिवाय घराच्या तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक गाडीव्यतिरिक्त बाजूला असावी.

जुनी गाडी घेताना कागदांत आळस करू नये. नोंदणी पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. 'नंतर नावावर करू' म्हणून गाडी वर्षभर दुसऱ्याच्या नावावर चालवणारे पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईपुरता मालक तोच. विकणाऱ्याने तर हे मुळीच विसरू नये.

विम्याची पॉलिसीही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. एक हजार सीसीच्या आतील गाडीचा तृतीय पक्ष विमा जून २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यावर जीएसटी असा आहे. तेवढाच घेतला तर दुसऱ्याची भरपाई होते, आपल्या गाडीची नाही. आणखी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. पॉलिसीतील पंधरा लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असतानाच लागू होते. गाडी वडिलांच्या नावे आणि चालवणारा मुलगा असेल, तर ते संरक्षण मुलाला मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, प्रलंबित ई-चलने किती आहेत, हेही पाहावे. नोंदणीला पंधरा वर्षे झाली की नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि पर्यावरण कर लागतो. २०१६ ची गाडी २०३१ मध्ये त्या टप्प्यावर येईल. अशा गाडीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज घेणे शहाणपणाचे नाही.

पत्रलेखक मित्रास माझा सल्ला असा. ही गाडी आता घेऊ नये. एक लाख वीस हजार रुपये दोन भागांत मुदत ठेवीत ठेवावेत आणि प्रत्येक ठेवीची मुदत फी भरण्याच्या तारखेच्या आठ दिवस आधी संपेल अशी निवडावी. एस. टी.चा पास काढावा. आजीच्या दोन फेऱ्यांसाठी भाड्याची गाडी ठरवावी आणि तो खर्च मुलाने व वडिलांनी निम्मा-निम्मा उचलावा. पास हजार रुपये, आजीच्या फेऱ्यांचा वाटा अडीच हजार, एवढे जाऊन शिकवण्यांच्या कमाईतून तीन हजार उरतात. शिकवण्यांचे दहा महिने धरून वर्षाला तीस हजार साठतील. अंतिम परीक्षेपर्यंत साठ हजार आणि वर व्याज. आवर्ती ठेवीऐवजी हे पैसे साध्या बचत खात्यातून छोट्या मुदत ठेवींत वळवावेत, कारण मेमध्ये भरणा थांबणार आहे. शिक्षण पूर्ण होईल त्या दिवशी फी भरलेली असेल, घरावर कर्ज नसेल आणि पहिल्या गाडीसाठी द्यायचे ते साठ हजार त्याच्या स्वतःच्या कमाईचे असतील. वडिलांसमोर हे पत्र वाचून दाखवावे आणि आकडे दोघांनी मिळून पुन्हा एकदा मांडून पाहावेत.